सिंहासनाखालचं पाणी

१

वैदेहीला, माझ्या सुनेला, सातव्या महिन्यात पुण्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर रोज "बघू" एवढंच म्हणायचे. तिथल्या व्हरांड्यात उभ्याउभ्याच मी माझ्या माहेरच्या देवीला, वेल्ह्याच्या मेंगाईला, बोलले होते : आई, बाळ सुखरूप घरी आण. ते आपलं आपण भुईवर बसेपर्यंत मी खुर्ची, पाट, चटई, कशाकशावर बसणार नाही. बोलले आणि तिथेच फरशीवर मांडी घातली.

नवस मी पुष्कळ केलेत, पण या नवसाला सगळं घर हसलं. "अगं, एखादा उपास धरायचास," हे म्हणाले, "देवीला तुझ्या गुडघ्यांशी काय करायचंय?" एसटीत तर मजाच व्हायची. मी दारापाशी खाली बसले की कंडक्टर ओरडायचा, "मावशी, शीट मोकळं हाय की वो! खाली बसून तिकीट कमी न्हाई व्हायचं."

हसू दे. नात शुभ्रा सुखरूप घरी आली, देवीने शब्द पाळला, आता माझी पाळी होती.

भुईवर बसलं की घर निराळं दिसतं. सोफ्याखाली गेलेली वाटी दिसते, टेबलाच्या पोटाला चिकटलेला कोळी दिसतो. माणसांचे आधी पाय दिसतात, मग तोंड. कोण दमून आलाय, कोण मनातून चिडलाय, ते मला पायांवरून कळायला लागलं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे दिसलं ते मला बसल्या जागेमुळेच दिसलं.

२

दिवाळीनंतर यांची साठीशांत ठरली, भोरच्याच एका मंगल कार्यालयात. आमचा सौमित्र भोरच्या घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करतो, त्याच्या डोक्यात रोज नवीन काहीतरी येतं. "आई, हल्ली पाटावर कोण बसवतं? बाबांना राजासारखं बसवू." विंझरचा गोरख मांडववाला आहे. त्याने लाकडी सिंहासन आणलं. दोन्ही हातांवर सोनेरी सिंह, लाल मखमलीची गादी, वर झालरीचं छत्र, खाली पाय ठेवायला पायरी. शिवाय लाल अंगरख्यातला एक चोपदार, काठीसकट.

मला ते तेव्हाच रुचलं नव्हतं. शांतीला माणूस देवापुढे लहान होऊन बसतो. पण हे म्हणाले, "एक दिवसाचा राजा गं. जन्मभर साहेबाच्या टेबलापुढे उभा राहिलो." मग मीही विषय सोडला.

ऐन अभिषेकाच्या वेळी होमाच्या धुराने यांना चक्कर आली. कार्यालयाच्या आतल्या खोलीत पाय उशीवर घेऊन निजवलं. मुहूर्त टळत होता, आणि गुरुजींना पुढे भाटघरला दुसरं कार्य होतं. "काही अडत नाही," ते म्हणाले. "यजमानांच्या जागी सुपारी ठेवू."

तशी रीत आहे. बायको नसली तर पुरुष कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो, मूर्ती नसली तर सुपारीचा गणपती होतो. पण सुपारी पाटावर मांडतात, मूठभर तांदळांवर. इथे ती सिंहासनावर ठेवली, आणि कलशांचं सगळं पाणी त्या मखमलीवर ओतलं. चोपदाराला कोणी सांगितलंच नव्हतं की गादीवर माणूस नाही. तो आपला समोर लोकांकडे तोंड करून, काठी आपटून, पाठ केलेलं सगळं म्हणून मोकळा झाला : "महाराज सिंहासनावर विराजमान झाले हो ऽऽ!" कोणाचं नाव नाही, गाव नाही. नुसतं महाराज. लोकांनी रिकाम्या गादीवर अक्षता टाकल्या. टाळ्यासुद्धा वाजवल्या!

"गुरुजी, उत्तरपूजा?" मी विचारलं. ज्याला बसवलं त्याला शेवटी अक्षता टाकून, आसन जरा हलवून, या आता म्हणावं लागतं. घरोघरच्या सत्यनारायणामुळे एवढं कोणालाही ठाऊक असतं.

"उद्या घरी येऊन करतो, काकू. पानं वाढलीत."

आणि सुपारी बसल्या जागची हलवायची नाही म्हणून ते अख्खं सिंहासन गोरखच्या टेम्पोतून आमच्या हॉलमध्ये आलं. गुरुजी मात्र आजतागायत आलेले नाहीत. एखाद्याला बसवायला सगळा गाव येतो, उठवायला कोणालाही सवड नसते. याचा मला राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

३

आमच्याकडे साळूबाई धुण्याभांड्याला येते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फडकं मारता मारता हाक दिली, "काकू, हितं पानी कोन सांडलं वो?"

सिंहासनाखाली थाळीएवढं पाणी होतं. मी म्हटलं, गादी जाड आहे, कालचं मुरलेलं पाणी निथळत असेल. साळूबाईने पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. चौथ्या दिवशीही.

थंडीचे कोरडे दिवस. दोरीवरची चादर तासात वाळायची. सिंहासन खिडकीसमोर होतं, सकाळभर त्याच्यावर ऊन असायचं. मी गादी हाताने दाबून पाहिली. खडखडीत कोरडी, उन्हाने तापलेली. शिवणीत बोटं घातली. सुपारी लागली नाही. घरंगळून आत कुठे अडकली असेल, म्हटलं. खालचं पाणी मात्र स्वच्छ होतं आणि त्याला वास होता, तुळशीचा आणि कापराचा. न्हाऊन नुकत्याच उठलेल्या देवाचा असतो तसा.

नळ गळत असेल. फरशीखालून ओल येत असेल. भोरला नदी काय लांब आहे? अशी कारणं मी स्वतःला देत राहिले, आणि दर सकाळी नवं फडकं काढत राहिले.

४

पुढचं सगळं इतकं बारीकसारीक होतं की रागवावं तरी कशावर?

सौमित्र चपला फाटकातच काढायला लागला. मला बरं वाटलं. टीव्ही आतल्या खोलीत गेला. तेही बरंच झालं. मग एक दिवस हे चहाचा कप घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरात आले, आणि भुईवर बसलेल्या मला आधी यांच्या टाचा दिसल्या. हे उलटे चालत येत होते.

"काय हो, उसण भरलीय का पाठीत?"

"नाही. पाठ करायची नाही."

"कोणाला?"

"सांगितलंय."

"कोणी सांगितलं?"

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी यांना यांचंच नाव विचारलंय. "अगं, सांगितलंय ना," म्हणाले, आणि कप विसळायला गेले. आमच्या संसारात यांनी कप विसळल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला नाही.

खिडकीतली तुळस मागच्या अंगणात गेली. सांगितलंय. हॉलमध्ये मोठ्याने हसायचं नाही. सांगितलंय. साळूबाईसुद्धा! ती तर पुण्याच्या पोलिसाला ऐकणारी नाही. "साळूबाई, अगं तू तरी सांग, कोणी सांगितलं?" तर फडकं पिळता पिळता म्हणाली, "सांगितलंय न्हवं का, काकू," आणि गुडघ्यांवर सरकत सरकत, तोंड सिंहासनाकडे ठेवून, मागे मागे गेली.

शेवटी एका दुपारी वैदेहीने पहिलं पान वाढलं आणि देव्हाऱ्यावरून पुढे जाऊन सिंहासनासमोर ठेवलं.

"देवाच्या आधी?" माझा आवाज चढला. सुनेवर मी कधी आवाज चढवत नाही.

"आई, सांगितलंय," ती हळूच म्हणाली.

मला एकटीलाच कोणी काही सांगत नव्हतं. मी विचार केला, म्हातारपणी माझंच काही बिघडलंय का? की या सगळ्यांनी मिळून थट्टा मांडलीय? पण थट्टा करणाऱ्याचा पाय हलतो. यांचे कोणाचेच पाय हलत नव्हते. आणि मग वाटलं, सगळे खुर्चीवर, सोफ्यावर, पलंगावर बसतात, साळूबाईसुद्धा चहाला स्टूल घेते. मी एकटी भुईवर. इतक्या खाली बघायची त्याला सवयच नसेल.

त्याला, असं मी मनात म्हटलं. माझं मलाच दचकायला झालं.

५

गोरखला फोन लावला. "गोरख, तुझं सिंहासन घेऊन जा बाबा. गुरुजी काही येत नाहीत."

पलीकडे टेम्पोचा आवाज येत होता. मग गोरख म्हणाला, "न्ह्यायचं न्हाई ते, काकू."

"अरे, तुझंच आहे ना ते?"

"व्हय. पर न्ह्यायचं न्हाई. सांगितलंय."

विंझरला बसलेल्या माणसाला आमच्या हॉलमधून कोण सांगतं? मी फोन ठेवला. मी घाबरले असं तुम्हाला वाटेल. भीती होतीच. पण त्याहून जास्त संताप होता. वस्तू गोरखची, घर आमचं, पाणी कलशातलं, आणि हुकूम? ज्याला कोणी निवडलं नाही, बोलावलं नाही, ज्याचं नावसुद्धा कोणी घेतलं नाही, त्याचा!

शुभ्राला पाचवा महिना लागला होता. आमच्यात या महिन्यात बाळाला पहिल्यांदा भुईवर बसवतात. भुईला हळदकुंकू वाहायचं, पोर तिच्या ओटीत द्यायचं, म्हणायचं, सांभाळ हिला. मी हळदकुंकवाची कोयरी घासून ठेवली होती. पण शुभ्रा खाली येईचना. मांडीवरून मांडीवर, खांद्यावरून पाळण्यात. मी हात पुढे केले की वैदेही तिला उचलून उंच धरायची.

"भुईला टेकवायची नाही, आई."

वैदेही शाळेत शिकवते, तिची बाळंतपणाची रजा संपली होती. ती गेली नाही. तेही सांगितलं होतं.

६

दुपारचे सगळे निजले होते. मी हॉलच्या फरशीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. मुद्दाम तिथेच. माझ्या घरात मी कुठेही बसेन.

टप्.

थोड्या वेळाने पुन्हा टप्.

खिडकीतलं ऊन तिरकं होऊन गादीच्या झालरीखाली शिरलं होतं. मी शेंग हातात तशीच धरून वाकले. पाणी कुठून गळतंय एवढंच बघायचं होतं मला, शपथेवर सांगते.

झालर आणि पायरी यांच्या मधल्या जागेत दोन पाय होते.

मोठ्या पुरुषाचे, ओले. पायरीवर टेकलेले नव्हते, तिच्या जरासे वर लोंबत होते, त्यामुळे खालून तळवे दिसले. आणि तळव्यांवर एक रेघ नव्हती. भेग नाही, घट्टा नाही, काटा मोडल्याची खूण नाही. गुलाबी, फुगीर, शुभ्राच्या तळव्यांसारखे. कधीच भुईला न लागलेले.

अंगठ्यावरून एक थेंब ओघळला. टप्.

मी मान वर केली नाही. माझे हात शेंगा सोलत राहिले. दाणे भांड्यात, टरफलं पदरात. अंगठा हलला, जसा कंटाळलेल्या माणसाचा हलतो. मी शेवटची शेंग सोलली, भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. सरळ चालत, पाठ करून. देव्हाऱ्यापाशी पोहोचल्यावर मग भांडं खाली ठेवलं.

संध्याकाळी सौमित्र म्हणाला, "उद्या सकाळी नजराणा आहे."

"कसला नजराणा?"

"शुभ्राचा. तिला वर बसवायचं. कायमचं."

'कायमचं' हा शब्द त्याने 'दूध आणलंय' म्हणावं तसा म्हटला. हे पेपर वाचत होते, वर बघितलंसुद्धा नाही. वैदेही शुभ्राच्या झबल्याला सोनेरी काठ लावत होती. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. मी खालून पाहिलं. तिच्या पायांची बोटं फरशीला इतकी आवळून धरलेली होती की नखं पांढरी पडली होती.

म्हणजे ती अजून आत होती. माझी वैदेही. मला तेवढं पुरे होतं.

७

सकाळी मी आंघोळ करून, देवांची पूजा उरकून, हळदकुंकू आणि मूठभर अक्षता घेऊन हॉलमध्ये गेले आणि पायरीच्या अगदी पुढ्यात, वाटेतच भुईवर बसले. मागून कापराचा वास येत होता. मानेवर गारवा.

सौमित्र फेटा बांधून आला. हातांवर शाल आणि शालीवर शुभ्रा. मागे हे, त्यांच्या मागे वैदेही.

"आई, मधे बसायचं नाही. सांगितलंय."

"मला नाही सांगितलं."

"आई, ऊठ."

"नाव सांग त्याचं, उठते." आणि मग इतके दिवस आवरून धरलेलं सगळं तोंडातून आलं. "माझ्या देव्हाऱ्यातला देव मी न्हाऊ घातल्याशिवाय न्हात नाही रे. मी नैवेद्य ठेवला की जेवतो, मी निजवला की निजतो. जगाचा मालक असून या म्हातारीच्या हाताची वाट बघत बसतो. त्याने कधी हुकूम नाही केला! आणि हा कोण लागून गेला? एका सुपारीवर पाणी ओतलं तर माझं घर याच्यापुढे उलटं चालायला लागलं? माझी नात मागतो? तुम्हाला वाचा आहे ना? विचारा की त्याला, तू कोण म्हणून!"

वर छत्राची झालर हलली. वारा नव्हता.

"वैदेही," मी म्हटलं. "पोरगी मला दे, बाळ."

वैदेहीचा पाय उचलला. खाली टेकला. पुन्हा उचलला. चिखलातून काढावा तसा एकेक पाय काढत ती सौमित्रपर्यंत आली, शालीवरून शुभ्राला उचललं, आणि गुडघ्यांवर कोसळत माझ्या हातांत दिली. तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला.

मी फरशीवर हळदकुंकू वाहिलं. म्हटलं, "आई, सांभाळ हिला," आणि पोरीला उघड्या, गार भुईवर बसवून हात काढून घेतले.

ती डुगडुगली. दोन्ही तळहात पुढे टेकले. आणि बसली.

माझ्या डोक्यावर लाकूड करकरलं.

मी मागे न बघता खांद्यावरून अक्षता टाकल्या. "आलात, बसलात, पाणी घेतलंत, आमचं अन्न खाल्लंत. आता उठायचं." मग हात मागे नेला, पायरीची कड चाचपली आणि ती ओढून बाजूला सारली.

थप्प. ओलं आणि जड काहीतरी फरशीला लागलं, माझ्या कमरेच्या अगदी मागे.

मी वळले नाही. मी शुभ्राकडे बघत होते. तिची नजर माझ्या खांद्यावरून वर गेली. माझ्या डोक्याच्या वर गेली. अजून वर, छताकडे, मान मागे मागे, इतकी मागे की ती कलंडणार म्हणून मी हात पुढे केला. मग तिची नजर सावकाश खाली आली आणि दाराकडे सरकत गेली. उंबऱ्यापाशी थांबली. आणि ती माझ्याकडे बघून आपल्या तोंडात मूठ घालायला लागली.

"अगं," हे म्हणाले, "चहा झालाय का? आणि हा सौमित्र फेटा बांधून काय उभा राहिलाय?"

मी भुईवर बसल्या बसल्या रडले.

फरशीवर एकच पाऊल उमटलं होतं, ओलं, बोटं दाराकडे. दुसरं नव्हतंच. ते वाळायला दुपार लागली.

८

गोरख दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आला. आपण फोनवर काय बोललो ते त्याला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "गोरख, हे मोडून टाक." तर हसला. "काय काकू, लगीनसराई तोंडावर आली! सगळ्यांस्नी हेच पायजे आता." गादी उसवून पाहिली होती मी. सुपारी सापडली नाही.

वैदेही शाळेत जाते. नवस फिटला, मेंगाईची ओटी भरून आले, तरी मी भुईवरच बसते. परवा हे आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी खाली बसले. गुडघ्यांची तक्रार यांनीच केली, मी हसले.

पण काल सौमित्रने मोबाईलवर एक फोटो दाखवला. पालीकडच्या कोणा तरुण पुढाऱ्याचा वाढदिवस. सोनेरी सिंह मी लगेच ओळखले. मोठा मांडव, केक, तलवार. वाढदिवस ज्याचा, तो फेटा बांधून सिंहासनाच्या बाजूला उभा होता, हात जोडून. सिंहासन रिकामं. आणि एवढ्या गर्दीतलं एकही माणूस फोटो काढणाऱ्याकडे बघत नव्हतं. सगळे गादीकडे बघत होते. पायरीखालचं सतरंजीचं टोक काळपट दिसत होतं, ओलं असावं तसं. आमच्या उंबऱ्यातून गेलेला तिथे पुन्हा चढून बसला होता.

त्या पुढाऱ्याच्या घरी लहान मूल आहे का, हे मी विचारून घेतलं. आहे. उद्या सकाळच्या एसटीने मी पालीला जाणार आहे. ओळख नाही, देख नाही, हाकलतील कदाचित. अंगणात बसेन. भुई काही त्यांनी मांडवाबरोबर आणलेली नाही.

तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, आळीत, कचेरीत कोणी "सांगितलंय" म्हणालं, तर "कोणी" म्हणून विचारा. नाव आलं नाही, तर वाद घालत बसू नका. घरातलं सगळ्यात लहान पोर कडेवर घ्या, भुईला हळदकुंकू वाहा, आणि त्याच्यासकट खाली बसा. मी धरला तसा तुम्हीही हा नेम धरा. दिवसातून एकदा तरी, आसन न घेता. गुडघे दुखतील, लोक हसतील. हसू देत.

या, बसा. भुईवर पुष्कळ जागा असते, आणि तिथून कोणाला कोणी उठवत नाही.